गुडघ्यासाठी रोजचा अर्धा तास: तेल-शेक की खुर्चीचा व्यायाम?

एक्स-रे बघून डॉक्टरांनी 'झीज सुरू झाली आहे' असं सांगितलंय, शस्त्रक्रियेची वेळ अजून लांब आहे आणि वेदनाशामक गोळ्या रोज घ्यायची मनाची तयारी नाही. इथवर आलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. घरातले म्हणतात तेल चोळ, शेक घे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात मांडीचे स्नायू बळकट करा. दोन्ही केलं तर उत्तमच. पण नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून रोजचा अर्धा तासच हाती लागतो, आणि तो कशाला द्यायचा हे ठरवावं लागतं. मी सव्वा वर्ष तेलाला दिला, आणि गेली दोन वर्षं व्यायामाला देतोय.

त्याआधी आपलं दुखणं नक्की कोणतं, हे पाहून घ्या. झिजेच्या गुडघ्यात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. तो तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटंही सुजत असतील, सांधा गरम लागत असेल, तर तो ऱ्हुमॅटॉइड प्रकार असू शकतो. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर उलटलेली असते, आणि वेळेत औषध सुरू झालं नाही तर सांधा कायमचा बिघडतो. तिथे तेल की व्यायाम हा प्रश्नच नाही, आधी तज्ज्ञ डॉक्टर. आयुर्वेदातसुद्धा आमवातात, म्हणजे याच्याशी मिळत्याजुळत्या दुखण्यात, तेल चोळू नये, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक द्यावा, असं सांगितलेलं आहे. सांधेदुखी म्हटलं की सरसकट तेलाची बाटली काढणारे आपण ही गोष्ट विसरतो.

आता तेल. त्याच्याबद्दल माझ्या तोंडून वाईट निघणार नाही. आईच्या गुडघ्यांना मी कॉलेजात असल्यापासून महानारायण तेल लावत आलोय. स्टीलच्या वाटीत दोन चमचे तेल, ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट गॅसवर नाही. तळव्यानं गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल, मग पोटरीकडून वर. त्यावर एरंडाचं पान तव्यावर कोमट करून बांधायचं, आणि ते मिळालं नाही तर गरम पाण्याची पिशवी. दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि इतक्या लवकर गुण देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. झोप छान लागते. मी सात दिवस जानुबस्तीही करून घेतली. उडदाच्या पिठाची पाळी गुडघ्यावर बसवून तिच्यात कोमट तेल भरतात. ते दिवस सुखाचे गेले. पुढच्या आठवड्यात मात्र आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यानं गुडघा होता तिथेच आणून ठेवला.

पण मी तेल सोडलं ते जिन्यामुळे नाही. तेल लावलेला पाय जमिनीवर ठेवता येत नाही, यामुळे सोडलं. रात्री नऊला तेल लावलं की दहापर्यंत मी पलंगावर पाय लांब करून. दाराची बेल वाजली, आतून आईनं हाक मारली, तरी आधी पाय पुसायचा, मग चप्पल शोधायची, मग उठायचं. जुना लेंगा पिवळा पडला, चादरीचा वास गेला नाही, ते मी चालवून घेतलं असतं. एका रात्री आईची हाक जरा घाईची वाटली आणि मी तसाच उठलो. टाइलवर टाच सरकली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचलो. ज्याचा गुडघा आधीच कमकुवत आहे, त्यानं रोज रात्री स्वतःच्या तळपायाला निसरडं करून घ्यायचं, हे मला त्या क्षणी पटेनासं झालं.

त्या रात्री आणखी एक हिशेब डोक्यात आला. दिवसभर ऑफिसात खुर्चीत, जाता-येता बसमध्ये, आणि उरलेला तासही उपायच मला बसवून ठेवतोय. उठताना गुडघा आखडायचा, तो तर इतका वेळ बसल्यामुळेच.

आपल्याकडे 'वंगण संपलंय' म्हणतात, आणि तेल चोळलं की ते भरून येईल असं मनातून वाटत राहतं. कातडीवर चोळलेलं तेल सांध्याच्या पोकळीत उतरून वंगण होत नाही. हाडांच्या टोकावरच्या कूर्चेला, म्हणजे कार्टिलेजला, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि पाय हलला, भार पडला-उतरला की स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे सांधा वापरला तरच त्याला खायला मिळतं.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. मग पाय सरळ उचलून धरायचा. आणि मुख्य म्हणजे हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा उठताना माझ्या मांड्या थरथरत होत्या. उठताना माझा गुडघा आत झुकतो, हे मला कळलंच नव्हतं. फिजिओथेरपिस्टनी समोर बसून ते दाखवलं, म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन भेटींचे पैसे वाचवू नका. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे-खुब्याच्या झिजेसाठी ग्लाड नावाचा कार्यक्रम चालतो. त्यातही आधी दुखणं समजावून सांगतात, आणि मग देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रं होतात.

या रस्त्यालाही खोट आहे. पहिले तीन आठवडे माझं दुखणं वाढलं. दुखणं चोवीस तासांत मूळ पातळीवर आलं तर चालू ठेवा, नाही आलं तर संख्या कमी करा, हा नियम मला मिळाला नसता तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं. कंटाळा तर येतोच. गुण दिसायला माझे दोन महिने गेले, आणि तो गुडघ्यात दिसायच्या आधी जिन्यात दिसला. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबायची सवय होती. एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मी दारापर्यंत आलो, तेव्हा लक्षात आलं की थांबलोच नाही.

वजनाचं श्रेयही द्यायला हवं. एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. माझे चार किलो उतरले, रात्रीचा भात आणि चहासोबतचं फरसाण सोडून. त्यामुळे सगळा गुण व्यायामाचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम आणि वजन घटवणं यांची ठाम शिफारस आहे, शेकालाही सौम्य अनुकूलता आहे, आणि सांधेदुखीच्या कॅप्सूलमध्ये मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनला स्पष्ट विरोध. हळद-दूध मी आवडीनं पितो. पण हळदीचा अर्क आणि मिरीचं सत्त्व एकत्र असलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

वय ऐंशीच्या पुढे असेल, खुर्चीतून उठायलाच आधार लागत असेल, किंवा दुखण्यानं झोप उडाली असेल, तर मी आजही तेल-शेकच सुचवीन. आईला मी अजून लावतो, फक्त आता ती झोपायला आडवी झाल्यावर, आणि तळपाय कोरडे पुसून. कामाच्या वयातल्या, जिना चढणाऱ्या माणसाला मात्र माझ्या मते अर्धा तास खुर्चीलाच द्यावा. खुर्ची चाकांची नको, प्लास्टिकचीही नको. चार पायांची जड लाकडी घ्या, आणि तिची पाठ भिंतीला टेकवून मगच पहिल्यांदा उठा.