बॉर्डर टॅक्स ३,४५० रुपये, आणि वाटेत बॉर्डरच नाही

भाड्याच्या कॅरव्हॅनपायी एकूण ३८,४४९ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा अर्धा व्हायच्या आत "किती गेले हो?" एवढंच विचारतो.

मी ३२ वर्षं बस डेपोत मेकॅनिक होतो आणि फसलो ते गाडीवरूनच, म्हणून लिहायला हात धजत नव्हता. डिसेंबरात मुलगा, सून आणि नात पुण्याहून चार दिवस बेळगावला येणार होते. नातीला कॅरव्हॅन पाहिजे होती, जिच्यात झोपताही येतं आणि चहाही करता येतो. बेत मीच आखला. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशीच्या जंगलातून खाली कारवार. तिथून समुद्राकडेनं गंगावळी, अघनाशिनी, शरावती अशा तीन नद्या ओलांडत मुरुडेश्वर. एका अंगाला डोंगर अन् झाडी, दुसऱ्या अंगाला पाणी. गाडी सुरूच्या बनात लावायची आणि तिथंच झोपायचं.

मोबाईलवर जाहिरात दिसली. रोजचे ७,५००, ड्रायव्हरसकट. फोन केला तर पलीकडचा आपल्याच वळणाचं मराठी बोलला. "काका, आम्ही पण खानापूरकडचेच की!" मी तिथंच विरघळलो. कन्नडात किंवा हिंदीत बोलला असता तर दहा प्रश्न विचारले असते. हे माझं समर्थन नव्हे, पण इथं राहणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतोय ते.

निम्मी रक्कम १५,००० पाठवली. दुसऱ्या दिवशी डिपॉझिट १०,०००. ड्रायव्हर त्याचा, गाडी त्याची, मग डिपॉझिट कशाचं? हे आता सुचतंय.

मग त्यानं फोटो पाठवले. आत निळे पडदे, छोटी शेगडी, खिडकीत ठेवलेली किटली. बाहेरच्या फोटोत गाडीचा पुढचा भाग कापलेला. ही चष्मा लावून बघत म्हणाली, "अहो, हिचं दार उजव्या बाजूला कसं? उतरायचं काय रस्त्याच्या मध्यात?"

वाचणाऱ्यांनो, आपल्याकडं गाडी डावीकडून चालते, बसचं चढायचं दार डावीकडं असतं. उजवीकडं दार असलेली ती गाडी परदेशातली होती, फोटो कुठून तरी उचललेला. माझ्या हातून किती दारं दुरुस्त झाली असतील याचा हिशेब नाही. आणि मी हिला काय म्हणालो? "फोटो उलटा आला असेल." किटलीवरची अक्षरं सरळ वाचता येत होती. ती बघूनसुद्धा म्हणालो.

याच्यापेक्षा वाईट पुढं आहे. निघायच्या आदल्या दिवशी "बॉर्डर टॅक्स" म्हणून ३,४५० मागितले. दिले. बेळगाव कर्नाटकात, कारवार कर्नाटकात. गोव्यातून जाणार असतो तर एकवेळ समजलं असतं. सीमा, सीमा ऐकत ज्याचा जन्म गेला त्या माणसानं, जिथं सीमाच नाही तिथं टॅक्स भरला. मुलगा अजून यावर हसतो. मला हसू येत नाही.

पहाटे साडेपाचला तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पाचजण थंडीत उभे. थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दोन ब्लँकेटं. सात वाजता फोन आला. गाडीला अपघात झालाय, पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. टाकला. आणखी ९,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, हे मी स्वतः शेजाऱ्यांना सांगत आलोय. पण पोरं कुडकुडत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं.

आधी बँकेत धावलो, तिथंच चुकलो. पहिला फोन सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला लावा, बँक नंतर. लवकर कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आत खातं अडवता येतं. बँकेतला बाबा मान वर न करता म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय, आमचा संबंध नाही." दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. तिथून दुसऱ्या ठाण्यात. तिथं साहेब विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्ताला हलग्याला, सोमवारी या. सोमवारी म्हणे, खातं दुसऱ्या राज्यातलं आहे. अर्ज कन्नडातच द्या. दिला, डेपोनं तेवढं कन्नड शिकवलंय. मग झेरॉक्स तीन. मग वरून हेही, "एवढे शिकलेले दिसता, समजलं नाही?" चोर राहिला बाजूला, चौकशी माझ्या अकलेची! चार खेपांच्या रिक्षाचे ६८० रुपये मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, स्वतः चालवायला देतात तिची काळी. पांढरी दिसली की नको म्हणा. नंबर मागा, परिवहनच्या ॲपवर टाकून बघा. नंबर झाकलेला फोटो आला तर बोलणंच बंद. आणि गाडी दारात उभी राहिल्याशिवाय कुणालाही, आपलं मराठी बोलणाऱ्यालासुद्धा, मोठी रक्कम देऊ नका. बायको काही म्हणाली तर ऐका.

काल परत बघितलं. जाहिरात चालूच आहे. डिसेंबर ऑफर जाऊन आता शिमगा ऑफर आलीय, रोजचे ६,९९९. किटली तीच, पडदे तेच, आणि दार अजून उजवीकडंच.