मिलेनियम पार्कमधला मुलांचा कॉयर कॉन्सर्ट: शिकागोकरांनो, मुलांना घेऊन जाच

शिकागो आणि आसपासच्या सबर्ब्जमधल्या सगळ्या आईबाबांसाठी लिहितेय, कारण आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधे ह्या कार्यक्रमाबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. युनायटिंग व्हॉइसेस शिकागो, म्हणजे पूर्वीचं शिकागो चिल्ड्रन्स कॉयर (२०२२ मधे नाव बदललं; कॉयर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा संच), त्यांचा दरवर्षी स्प्रिंगमधे 'पेंट द टाउन रेड' नावाचा मोठा कॉन्सर्ट असतो, मिलेनियम पार्कच्या प्रित्झकर पॅव्हिलियनमधे, आणि तो पूर्ण फुकट आहे. आम्ही दोघांनी ऑफिसला सुट्टी टाकून लेकीला नेलं आणि मी अजून त्यातून बाहेर आलेले नाहीये.

आधी थोडं बॅकग्राउंड सांगते, त्याशिवाय हे प्रकरण काय आहे ते कळणार नाही. १९५६ साली हाइड पार्कमधल्या फर्स्ट युनिटेरियन चर्चमधे ख्रिस्तोफर मूर नावाच्या पाद्रीने हा कॉयर सुरू केला. तेव्हा सिव्हिल राइट्सची चळवळ जोरात होती, आणि काळ्या आणि गोऱ्या घरातली मुलं शेजारी शेजारी उभी राहून एकत्र गायली पाहिजेत हा त्यामागचा सरळ हेतू होता. हे शहर आजही वस्त्यावस्त्यांमधे किती वाटलं गेलंय ते रेड लाइनच्या ट्रेनने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलात तर डब्यातल्या माणसांवरूनच कळतं. आता ह्यांचे कॉयर शहरातल्या अनेक शाळांमधे आहेत, शिवाय वेगवेगळ्या वस्त्यांमधे नेबरहुड कॉयर वेगळे, आणि ह्या कॉन्सर्टला ती सगळी मुलं एकत्र येतात. पाच-पंचवीस मुलांचं गॅदरिंग नाही हे, हजारो मुलं असतात! स्टेजवर मावणार कुठून, म्हणून बरीचशी मुलं समोरच्या खुर्च्यांवर बसतात आणि जागेवरूनच गातात, त्यामुळे सूर समोरून पण येतो आणि आजूबाजूने पण.

आता गाण्याबद्दल. आपल्याकडे शाळेत समूहगान असतं त्यात सगळे एकच चाल गातात, फार तर मुलं एक ओळ म्हणणार आणि मुली दुसरी. इथे तसं नाही, एकाच वेळी तीन-चार वेगळ्या ओळी चालू असतात, कुणी खालच्या सुरात धरून बसलंय, कुणी वर चाललंय आणि मधेच कुणीतरी ताल सांभाळतंय, आणि हे करणारं पोर नऊ-दहा वर्षांचं! स्पिरिच्युअल (काळ्या अमेरिकनांचं पारंपरिक भक्तिगीत) झालं, स्पॅनिश झालं, आफ्रिकन भाषांमधलं झालं. त्यात मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे परकी भाषा कशीतरी उरकून टाकलेली नव्हती. आमच्या पुढच्याच ओळीत एक चष्मेवाली मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेले, स्पॅनिशमधला 'र' येतो तिथे जीभ लावून अगदी नीट फिरवत होती आणि डोळे कंडक्टरच्या, म्हणजे समोर उभं राहून हाताने गाणं चालवणाऱ्याच्या, हातावरून हलत नव्हते. हात बंद झाला की आवाज बंद. एवढ्या गर्दीत एकाचंही शेपूट मागे राहिलं नाही. जोसेफिन ली ह्यांनी आर्टिस्टिक डायरेक्टर म्हणून कित्येक वर्षं ही संस्था घडवलीये, ही शिस्त एका सीझनमधे येणारी नाही.

अजून एक गोष्ट मुलग्यांच्या आईबाबांसाठी मुद्दाम सांगते. आपल्याकडे मुलाचा आवाज फुटला की गाणं बंद, क्लास बंद, तो पण लाजतो आणि आपण पण सोडून देतो. ह्या लोकांनी त्या वयाच्या मुलांसाठी 'डायमेन्शन' नावाचा वेगळा ग्रुपच काढलाय, बदलत्या आवाजाला झेपेल अशी गाणी देऊन त्यांना गात ठेवतात. मला हे फार म्हणजे फार मोलाचं वाटतं, तेरा-चौदाव्या वर्षी सुटलेलं गाणं पुन्हा हाती लागायला किती वर्षं जातात ते आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी भोगलेलं असतं.

जागेबद्दल: पॅव्हिलियन फ्रँक गेरीचं, २००४ मधे उघडलं, समोर सुमारे ४००० खुर्च्या आणि मागे लॉनवर आणखी ७००० लोक बसू शकतात. लॉनवर जी स्टीलच्या पाइपांची जाळी दिसते ना, ती नुसती शोभेची नाही, त्यात स्पीकर लटकवलेत आणि त्यांचा आवाज मोजून उशिरा सोडतात, म्हणजे मागे बसलात तरी गाणं स्टेजवरूनच आल्यासारखं वाटतं. फक्त लॉनवरून मुलांचे चेहरे दिसत नाहीत आणि ऊन डोक्यावर येतं, तेव्हा टोपी, पाणी न्याच आणि लवकर पोचून जमेल तेवढं पुढे बसा. लेक मिशिगनकडचा वारा असतो, मे असला तरी जॅकेट हवंच.

गाडी नेऊ नका. आम्ही नेली आणि एका गराजने पार्किंगचे घेतले तेवढ्यात चौघांचं जेवण झालं असतं. नेपरव्हिलकडच्या सबर्ब्जमधल्यांनी सरळ मेट्राच्या लोकल ट्रेनने युनियन स्टेशनला उतरावं, तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटं. कार्यक्रमानंतर मुलांमधे दम असेल तर आर्ट इन्स्टिट्यूट शेजारीच आहे, १८९३ साली विवेकानंद बोलले ती हीच इमारत.

लेक घरी आल्यापासून माझ्यामागे लागलीये की मी एक सूर धरते, तू दुसरा धर, आणि आम्हाला दोघींना ते दोन ओळींच्या पुढे जमत नाहीये. गणपतीत आपली मुलं समूहगान करतात, त्यात यंदा एक तरी गाणं असं दोन आवाजांत बसवायचंय. हार्मनी शिकवू शकेल असं कुणी ओळखीत असेल तर प्लीज मेसेज करा, प्रॅक्टिससाठी आमचं बेसमेंट मोकळं आहे.