किल्ट ४० पौंडांचा, १२० चा आणि ६०० चा : काही महिने वापरल्यावर

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा, कमरेला गुंडाळायचा, मागे चुण्या असलेला गुडघ्यापर्यंतचा घागरा. तो टार्टन नावाच्या रंगीत चौकटींच्या कापडाचा असतो, आणि रॉयल स्टुअर्ट हे अशाच एका टार्टनचं नाव. एडिनबराच्या रॉयल माइल या रस्त्यावर ४० पौंडांना मिळणारा लाल रॉयल स्टुअर्ट किल्ट आणि किल्टमेकरने मापाने शिवलेला ६०० पौंडांचा रॉयल स्टुअर्ट किल्ट हँगरवर जवळजवळ सारखेच दिसतात. दोन-तीन लग्नं, केली नावाच्या सामूहिक नाचाची एखादी रात्र, स्कॉटलंडचा वारा-पाऊस आणि थोड्या इस्त्र्या झाल्या की फरक बाहेर येतो. तीन पायऱ्यांवरचे किल्ट काही महिने आलटूनपालटून वापरल्यावरचा हा अनुभव. पहिला ॲक्रिलिकचा (सुमारे ४० पौंड), दुसरा पॉलि-व्हिस्कोसचा (सुमारे १२०) आणि तिसरा शुद्ध लोकरीचा, १६ औंस, आठवारी, हातशिलाईचा (सुमारे ६००).

आधी कापड, कारण किमतीचा मोठा हिस्सा तिथेच जातो. औंसाचा आकडा म्हणजे ५४ ते ६० इंच पन्ह्याच्या एका वाराचं वजन. १०–११ औंस हलकं, १३ मध्यम, १६ जड. आठवारी किल्टसाठी असं दुहेरी पन्ह्याचं कापड चार वार घेतात, ते मधोमध उभं कापतात आणि दोन तुकडे जोडतात. म्हणजे लांबी जवळपास नऊवारीएवढी, पन्हा मात्र तिच्या निम्म्याच्या आसपास. १६ औंसात हे ६४ औंस, म्हणजे १.८ किलो भरतं. पॉलि-व्हिस्कोसचा किल्ट सव्वा किलोच्या आसपास राहतो. कमरेवर हा फरक लगेच जाणवतो आणि वाऱ्यात तर जास्तच. हलका किल्ट समुद्राकाठी सतत हाताने धरावा लागतो. जड लोकर स्वतःच्या वजनाने खाली बसते, आणि चालताना मागच्या चुण्यांना जो हेलकावा येतो तोही वजनामुळेच.

'आठ वार' असं लेबलवर लिहिलेलं असतं, पण दुकानात उभ्या उभ्या मोजून घ्यावं. एक चुणी उघडून तिच्यात एकूण किती इंच कापड गेलंय ते टेपने मोजा, चुण्यांच्या संख्येने गुणा आणि पुढचे दोन्ही एप्रन (पुढे एकावर एक येणारे बिनचुण्यांचे सपाट भाग) त्यांच्या कडेच्या खोल घड्यांसकट मिळवा. २७ चुण्या, प्रत्येकी ८ इंच, म्हणजे २१६. एप्रनचे सुमारे ७०. बेरीज २८६ इंच, म्हणजे आठ वार. ॲक्रिलिकच्या किल्टमध्ये एका चुणीत चार-पाच इंचच कापड निघालं आणि हिशोब पाच वारांच्या आसपास थांबला. पाचवारी किल्ट वाईट असतो असं नाही. १७९० च्या दशकातले सुरुवातीचे शिवलेले किल्ट साधारण चार वारांचेच असत. पण पाच वार देऊन आठचे पैसे घेणं ही लबाडीच.

आता चुण्या. खरा किल्ट मागून पाहावा. चुण्या दोन पद्धतींनी घालतात. एकीत टार्टनची संपूर्ण चौकट मागेही जशीच्या तशी जुळून येते. दुसरीत प्रत्येक चुणीच्या मधोमध टार्टनमधली एकच उभी रंगरेघ येते, ही लष्करी पद्धत. दोन्ही बरोबर. चुकीचं म्हणजे यंत्राने ठरावीक अंतरावर दुमडलेल्या चुण्या, ज्यात चौकट कुठेही तुटते. ४० पौंडांच्या किल्टमध्ये मागे नेमकं हेच होतं: पुढे छान रॉयल स्टुअर्ट आणि मागे लाल-हिरव्याची खिचडी.

शिवलेला वरचा भाग कंबरेपासून नितंबांपर्यंत येतो, एकूण लांबीच्या साधारण एक तृतीयांश. २४ इंची किल्टमध्ये सुमारे ८ इंच. चांगल्या किल्टमध्ये इथे प्रत्येक चुणी नितंबांकडून कंबरेकडे थोडी थोडी अरुंद होत जाते. आडव्या रेघा एका चुणीतून दुसरीत न मोडता जातात आणि हातटाका बाहेरून दिसत नाही. आत पाहिलं तर अस्तराखाली कॅनव्हासचा थर असतो आणि चुण्यांचं वरचं जादा कापड कापून काढलेलं असतं, म्हणून कंबरेला गठ्ठा होत नाही. स्वस्तात कॅनव्हास नसतोच. कंबरेला किल्ट बांधायचा बकलचा पट्टा ओढला की ताण थेट कापडावर येतो, काही महिन्यांत पट्ट्याशेजारचं कापड सुरकुततं आणि शिवण उसवू लागते.

वापरात प्रत्येकाने रंग दाखवले. ॲक्रिलिकचं एक-दोन बैठकांनंतरच ठरलं. चुण्या पसरल्या, आणि परत बसवायला इस्त्री लावावी तर उष्णता थोडी जास्त होताच कापडावर चकचकीत डाग पडला, जो जात नाही. पुढच्या एप्रनची कड आत वळू लागली, कारण तिला हवी तशी गोलाई देऊन कापलेलंच नव्हतं. मांड्यांशी घासून गोळे आले. पट्टे रेक्झिनचे होते, बकलच्या भोकांपाशी पापुद्रे निघाले. पार्टीसाठी एकदा घालायचा तर ठीक, पण तेवढ्यासाठी विकत घेण्यापेक्षा भाड्याने लोकरीचा मिळतो.

पॉलि-व्हिस्कोसने मात्र सुखद धक्का दिला. चुण्या उष्णतेने बसवलेल्या असल्याने ३० अंशांवर धुऊनही जागच्या जागी राहतात, पावसाने काही बिघडत नाही, आणि पबमध्ये बिअर सांडली तरी हळहळ वाटत नाही. फ्लॅशच्या फोटोत कापड किंचित चमकतं. स्पोरन म्हणजे पुढची चामड्याची पिशवी. तिच्या मागच्या बाजूने घासून एप्रनवर गोळे येतात, आणि ते लोकरीपेक्षा लवकर. वर्षातून चार-सहा वेळा, तेही बाहेर उघड्यावर घालणाऱ्याने यापुढे खर्च करायची गरज नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लोकरीचा १६ औंसी किल्ट सुरुवातीला ताठ वाटतो. पाच-सहा वेळा घातल्यावर कापड अंगाला सरावतं. बसून पडलेल्या सुरकुत्या रात्रभर टांगून ठेवला की बऱ्याचशा आपोआप उतरतात. उरलेल्यांना ओलसर सुती कापड वर ठेवून वाफेची इस्त्री. इस्त्री घासायची नाही, दाबून उचलायची. आधी चुण्यांच्या खालच्या टोकांना कच्चा धावदोरा घालून त्या जागेवर पकडाव्यात, नाहीतर दुसऱ्याच घडीवर इस्त्री बसते. नव्या किल्टला असा धावदोरा येतोच, घालण्यापूर्वी तो काढायला विसरू नये. तसाच मिरवणारेही दिसतात. ड्रायक्लीन शक्यतो टाळावं. बहुतेक ठिकाणी चुण्या घाईत दाबतात आणि पुन्हा नीट बसवायला किल्टमेकरकडेच जावं लागतं. डाग पडला तर तेवढीच जागा थंड पाण्याने टिपावी.

लोकरीचा खरा शत्रू कसर. उन्हाळ्यात कपाटात तसाच टांगून ठेवला तर चुण्यांच्या आतल्या अंधाऱ्या घड्यांत अळ्या भोकं पाडतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. झटकून, स्वच्छ करून, झिपच्या पिशवीत ठेवावा; महिन्यातून एकदा चुण्या उघडून पाहाव्यात.

मग ६०० पौंड वसूल होतात का? महिन्यातून एकदा घालणाऱ्याचे होतात. चुण्यांत भरपूर कापड असल्याने कंबर सुटली तर किल्ट मोकळा करता येतो. एक-दीड इंचाचा प्रश्न तर नुसती बकलं सरकवून सुटतो. हातशिलाईला पंधरा ते पंचवीस तास लागतात, किमतीत ते तास आहेत. पण लोचकॅरन किंवा हाउस ऑफ एडगरसारख्या गिरणीचंच १३ औंसी कापड घेऊन मशीनवर शिवलेला ३५० ते ४५० पौंडांचा किल्ट बहुतेकांना पुरेसा होईल. तो उसवून मोठा करणं जिकिरीचं जातं, एवढंच. गिरणीचं नाव विचारावं. चांगला दुकानदार न अडखळता सांगतो. 'स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेला' हे शब्द दिसले तर शिलाई कुठे झाली ते विचारावं. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये किल्ट मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. तिथले सगळे टाकाऊ नसतात, पण किंमत सियालकोटची आणि लेबल एडिनबराचं असू नये. ब्रिटनमध्ये कापडात कोणता धागा किती टक्के आहे ते लेबलवर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. शंका आली तर आतल्या शिवणीतला एक सुटा धागा जाळून पाहा: लोकर जळक्या केसांसारखी वासते आणि राख बोटांत चुरते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो.

माप जीन्सचं देऊ नका. जीन्स खाली बसते, किल्ट बेंबीपाशी. पोट थोडं सुटलेलं असेल तर दोन मापांत तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो. गुडघे टेकून बसल्यावर खालची कड जमिनीपासून साधारण एक इंच वर राहावी. मापाचा किल्ट शिवून यायला सहा ते बारा आठवडे धरा.

भारतात मागवणाऱ्यांसाठी एक हिशोब: ब्रिटनमधल्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो. दुकानाने थेट परदेशी पत्त्यावर पाठवला तर तो वजा होऊ शकतो, ६०० चे ५०० होतात. भारतातलं सीमाशुल्क वेगळं. पर्यटकांना विमानतळावर परतावा मिळायचा ती सोय मात्र ग्रेट ब्रिटनमध्ये २०२१ पासून बंद आहे.

सगळ्यात स्वस्त चांगला सौदा भाड्याच्या दुकानातून निवृत्त झालेल्या लोकरी किल्टचा. १०० ते २०० पौंडांत १३ किंवा १६ औंस मिळून जातं. कापड उजेडासमोर धरून कसरीची भोकं पाहा, पट्ट्यांचं चामडं वाकवून भेगा पाहा (पट्टे बदलणं स्वस्त आहे), आणि लांबी आधी मोजा. किल्टची खालची कड ही कापडाचा मूळ काठ असते, तिथे आत दुमडलेलं कापड नसतं. त्यामुळे आखूड निघालेला किल्ट लांब करता येत नाही.