नाशिकच्या डोंगरांसाठी चार इंची सुरी : मोराक्निव्ह कंपॅनियन

अंजनेरी, हरिहर, साल्हेर करणाऱ्याला सुरी लागते ती दोर कापायला, काकडी-कांदा चिरायला, पडलेल्या काठीची तंबूसाठी खुंटी तासायला, फार तर बांबू उभा चिरायला. दिंडोरी-निफाडकडच्या बागेत गेलं की ठिबकची नळी, खताच्या गोणीची शिवण, बांधणीची सुतळी. या सगळ्याला स्वीडनची मोराक्निव्ह कंपॅनियन पुरून उरते. पातं साधारण 104 मिलिमीटर, जाडी 2.5 मिलिमीटर, म्यानासकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. तरीही ऑनलाइन घेणाऱ्यांचा हात जातो तो पाठीवर करवतीचे दात असलेल्या, पाच-सहा मिलिमीटर जाड ‘सर्व्हायव्हल’ सुऱ्यांकडे. ती जाडी काकडी कापत नाही, फोडते. मूठ पोकळ असेल तर पातं आत एका नटावर धरलेलं असतं, आणि जोर लावला की तिथेच तुटतं. अशी सुरी घेऊच नका.

कंपॅनियन दोन पोलादांत मिळते, आणि नाशिकसाठी निवड सरळ आहे : स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाला धार झटकन लागते, ती बारीकही निघते, हे खरं. पण जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ओलं पातं म्यानात राहिलं की सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. कांदा, लिंबू, कैरी कापली की ते काळं पडतं, आणि कापलेल्या फोडीला लोखंडी चव येते. स्टेनलेसचं पोलाद 12सी27 आहे : सुमारे 0.6 टक्के कार्बन, 13.5 टक्के क्रोमियम. तेही ओल्या म्यानात आठवडाभर पडलं तर मुठीच्या तोंडाशी ठिपके धरतं, म्हणून घरी आल्यावर सुरी आणि म्यान वेगवेगळे वाळवायचे. म्यानाच्या तळाला भोक आहे; पाणी तिथून निथळतं, पण वाळू आत राहते आणि दर वेळी पात्यावर ओरखडे उठवते. म्यान नळाच्या वाहत्या पाण्याखाली आतून धुवा.

कंपॅनियनची खरी ताकद धारेच्या घडणीत आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना खाली एकेकच रुंद, सपाट उतार आहे आणि तो थेट धारेपर्यंत येतो. यालाच स्कँडी ग्राइंड म्हणतात. लाकूड तासताना हा उतार लाकडावर टेकून राहतो, त्यामुळे किती खोल जायचं ते हाताला कळतं आणि साल पातळ, लांब निघते. धार लावतानाही कोनाचा अंदाज बांधायला नको. दगड पाण्यात भिजवा, उतार पूर्ण टेकवा, दोन बोटांनी धारेच्या जवळ दाबा आणि पुढे ढकला. 1000 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा) दगडावर एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर उठते. नखाला ती लागली की बाजू बदला. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे खरखर आली नसेल तर तेवढा भाग अजून बोथट आहे. मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने ओढा. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड चालतो, पण त्याची खरबरीत बाजू फक्त दाते पडल्यावर वापरा. फिरत्या चाकाच्या धारवाल्याकडे ही सुरी कधीच देऊ नका. सपाट उतार गोल होतो, आणि कड निळसर झाली तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. ती जागा पुन्हा धार धरत नाही.

याच बारीक धारेची एक अडचण आहे. वाळलेल्या बांबूच्या गाठीवर किंवा खैरासारख्या कठीण लाकडावर ती दुमडते, कधी बारीक दाते पडतात. उपाय सोपा आहे : शेवटच्या फेरीला पाठ केसभर उचलून बारीक दगडावर प्रत्येक बाजूला तीन-चार हलके हात द्या. धार किंचित जाड होते आणि टिकते. स्वयंपाकघरात मात्र हिच्याकडून फार अपेक्षा नको. गाजर कडाडकन फुटतं, कांद्याच्या चकत्या जाड पडतात.

मुठीला रबराचं आवरण आहे, पावसात भिजलेल्या हातातही घसरत नाही. पण पोलादाची शेपटी, म्हणजे पात्याचा मुठीत शिरलेला भाग, मुठीच्या टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून पाठीवर लाकडाने ठोकून काही चिरायचं असेल तर मनगटाएवढ्या जाडीवर थांबा, गाठ टाळा, आणि पातं अडकलं तर पिळू नका. डब्याचं झाकण उचकटायला टोक घातलं तर ते मोडणारच. असली कामं नेहमीची असतील तर कंपॅनियनचीच 3.2 मिलिमीटर जाडीची हेवी ड्यूटी घ्या. याच कंपनीची गार्बर्ग अखंड शेपटीची आहे, पाठही काटकोनी आहे, फायरस्टीलवर (आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर) ठिणगी छान पडते. पण तिची किंमत कितीतरी पट आहे, आणि नाशिकच्या एक-दोन दिवसांच्या ट्रेकला तिची गरज पडत नाही.

म्यान प्लॅस्टिकचं, क्लिपचं. पट्टा नसलेल्या ट्रॅकपँटवर क्लिप निसटते. वापराने पकडही सैल होते, म्हणून कातळपायऱ्या चढताना सुरी कमरेला नको, सॅकमध्ये ठेवा.

रोज जवळ बाळगण्याचं म्हणाल तर कायदा समजून घ्या. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. ही सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खालचा मनाई आदेश लागू असेल तेव्हा चाकू-सुरी बाळगण्यावरच बंदी येते, लांबी कितीही असो. सणासुदीला, निवडणुकीच्या आसपास असे आदेश निघतात. तेव्हा शहरात खिशात किंवा कमरेला सुरी नकोच. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी, कपड्यात गुंडाळून. कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात हत्यार नेण्यावर वन्यजीव कायद्याचंही बंधन आहे, आणि त्यात चाकू-सुरीही येते, म्हणून तिथे ती नकोच. विमानात सुरी फक्त चेक-इन सामानात.

परदेशी सुरी नको असेल तर गावच्या लोहाराकडून गाडीच्या कमान-पाट्याची करून घ्या. पोलाद चांगलं असतं, शंका फक्त पाणी देण्याची, म्हणजे तापवून, बुडवून कडक करण्याची. घेताना नवी कानस धारेवर हलकेच ओढून बघा. घसरली तर पाणी बसलंय. कानसेने चरा पाडला तर पातं मऊ आहे, ते परत भट्टीत घालायला सांगा. आणि जाडी तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. सांगितलं नाही तर ती हमखास कोयत्याएवढी जाड येते.