मुळं तांबूस, टोकं काळीकुट्ट: घरच्या रूट टचअपसाठी सुट्टी ट्यूब आणि दोन डेव्हलपर, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. खोक्यातला तयार डाय सोडून सुट्टी क्रीम ट्यूब आणि वेगळी डेव्हलपरची (रंगात कालवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची) बाटली वापरायला लागल्यापासून माझ्या भांगातला तांबूस पट्टा गेलाय, मुळांचा रंग खालच्या केसांशी बऱ्यापैकी जुळतो, फक्त कानशिलाचे पांढरे अजून छळतात, त्याचं पुढं लिहिते. गणपतीच्या आधी सुरू केलं होतं, आता उन्हाळा लागलाय, म्हणजे बेळगावचा पाऊस आणि थंडी दोन्ही बघून झालं. ट्यूब माझ्या पैशाची, कुणी फुकट दिलेली नाही. कंपनी मुद्दाम लिहीत नाही कारण माझ्या मते फरक शेडच्या नंबरानं आणि डेव्हलपरच्या टक्क्यानं पडलाय, त्या दोन गोष्टी सांभाळल्या तर कुठलीही बरी ट्यूब चालेल.

माझे केस खांद्याच्या खाली, मूळचे काळे, पुढं आणि कानशिलावर पांढरे भरपूर, मागं मानेकडं मात्र अजून काळेच आहेत. सगळी भानगड इथंच आहे बघा. आपण म्हणतो मुळं रंगवायची, पण मुळाशी काळे आणि पांढरे असे दोन जातीचे केस असतात आणि एकच मिश्रण दोघांवर वेगवेगळं काम करतं. ब्राऊनचं खोकं घेतलं तर बऱ्याच खोक्यांत साधारण ६ टक्के पेरॉक्साइडचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा (व्हॉल्यूम हे त्याच ताकदीचं दुसरं माप) डेव्हलपर असतो, तो काळ्या केसांतला मूळचा रंग थोडा उडवतो, आणि काळा रंग उडायला लागला की त्याच्याखालचं तांबडं, केशरी वर येतं. पांढऱ्या केसात उडवायला काही नसतंच, त्याच्यावर ब्राऊन पातळ बसतो आणि चार वेळा धुतलं की चकाकायला लागतो. त्यात भर म्हणजे टाळूजवळचा सेंटिमीटरभर केस डोक्याच्या उबेनं गरम असतो, तिथं रंग लवकर आणि जास्त चढतो, खालचे केस मात्र थंड. डिसेंबरात सकाळी आमच्या बाथरूममध्ये उभं राहवत नाही, तेव्हा हा फरक अजून वाढतो असं मला तरी दिसलं.

आणि टोकं? टोकांवर दर वेळी नव्यानं रंग ओढला जातो, थरावर थर बसतात आणि ते काळेभोर होत जातात. खोक्यावर लिहिलेलंच असतं ना, शेवटी सगळ्या केसांना पसरा, आणि आपणही उरलेलं वाया कशाला घालवा म्हणून पसरतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा की रंगावर रंग घालून केस उजळ होत नाहीत. टोकं काळी झाली म्हणून फिकट शेड आणून सगळ्या डोक्याला लावली तर टोकं आहे तशीच राहतात आणि मुळं अजून तांबडी होतात, म्हणजे दुखणं दुप्पट.

हे घरातल्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही हं. आरशात सगळं छान काळं ब्राऊन दिसतं. मला दिसलं ते दुपारी दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी येणार म्हणून स्कूटी थांबवली होती तेव्हा, बाजूच्या आरशात भांगाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर रुंदीचा तांब्याच्या रंगाचा पट्टा, त्याच्या मध्ये पांढरे केस चमकताहेत आणि खाली एकदम शाईसारखं काळं. तेव्हापासून मी रंग तपासायचा तर गच्चीवर, उन्हात तपासते.

त्याआधी पार्लरलाही जाऊन आले होते, नाव नको. तिथं म्हणाले ग्लोबल करून घ्या सगळं एकसारखं होईल, आणि त्यांनी पुन्हा मुळापासून टोकापर्यंत तेच एक मिश्रण लावलं, पंधरा दिवसांत पट्टा परत हजर, वर पैसे गेले ते वेगळेच. पार्लर वाईट असं म्हणत नाही, जुना काळा रंग काढायचा असेल तर ते काम घरी करूच नये, पण नुसत्या मुळांसाठी जायचं असेल तर आधी विचारा की मुळाला वेगळा आणि खाली वेगळा करणार का. नीट उत्तर आलं नाही तर उठून या.

आता मी काय वापरते. शेडचे नंबर असे असतात, ३ म्हणजे गडद ब्राऊन, ४ म्हणजे ब्राऊन, ५ म्हणजे फिकट ब्राऊन, आकडा वाढला की रंग उजळ. पुढं पॉइंटनंतरचा आकडा छटा सांगतो, तो कंपनीगणिक थोडा बदलतो पण शून्य म्हणजे नॅचरल हे बहुतेक ठिकाणी सारखं. पांढरे केस झाकायला हा नॅचरलच लागतो. बरगंडी, महोगनी, कॉपर या शेड नुसत्या पांढऱ्यावर लावल्या तर भडक गुलाबी-लाल दिसतात, आवडतच असतील तर निम्मा नॅचरल मिसळा. मी ३.० आणि ४.० निम्मं निम्मं घेते. नुसता ४ काळ्या केसांना उजळ पडायचा आणि नुसता ३ पुढच्या पांढऱ्यांवर टोपासारखा दिसायचा, दोन्ही मिसळल्यावर बरोबर जमलं.

खरी युक्ती मात्र डेव्हलपरची आहे. मी दोन वाट्यांत कालवते, दोन्हींत रंग तोच, पण एका वाटीत ६ टक्के आणि दुसरीत ३ टक्के म्हणजे १० व्हॉल्यूम. ६ टक्केवालं पुढच्या कडेला आणि कानशिलाला, जिथं पांढरे जास्त आणि चिवट आहेत. ३ टक्केवालं डोक्याच्या वर आणि मागं, जिथं काळे जास्त. ३ टक्क्यांत उडवायची ताकद फार नसते त्यामुळे काळ्या मुळाचं तांबडं वर येत नाही. सगळीकडं ३ लावलं तर चिवट पांढरे झाकत नाहीत, सगळीकडं ६ लावलं तर भांग तांबडा होतो, म्हणून दोन वाट्या. हे एवढं साधं आहे आणि एकाही खोक्यावर लिहिलेलं मला सापडलं नाही.

३ टक्के मिळवायला मात्र त्रास झाला. खडेबाजारात दोन-तीन दुकानांत विचारलं, एक जण म्हणाला, "तीन परसेंट कोण नेत नाही ओ, सहा घ्या की, सगळे तेच नेतात." शेवटी पार्लरचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळाला. खानापूरला माझ्या बहिणीला तोही मिळेना, मीच इथून पाठवते. मिळाला नाही म्हणून ६ मध्ये पाणी घालून ३ करायला जाऊ नका, मिश्रण पातळ होतं आणि कपाळावरून डोळ्याकडं ओघळतं. आणि ९ टक्के दाखवला तर घेऊ नका, मुळं अजूनच तांबडी होतात. ट्यूब किती आणि डेव्हलपर किती हे त्या त्या ट्यूबवर असतं, कुठं सारख्यास सारखं, कुठं दीडपट, अंदाजानं घालायचं नाही. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेते. फक्त मुळांना अर्ध्या ट्यूबच्या आत भागतं, म्हणून खोक्यापेक्षा हे स्वस्तच पडलं, पहिल्यांदा दोन बाटल्या घ्याव्या लागतात तेवढाच खर्च.

लावायची पद्धत. प्लास्टिक किंवा काचेची वाटी, धातूची नको. आदल्या दिवशी केस धुवून ठेवायचे आणि तेल लावायचं नाही, आपल्याकडं चापून तेल लावायची सवय, त्याच्यावर रंग सारखा बसत नाही. केस कोरडे हवेत. मग शेपटीच्या कंगव्यानं अर्ध्या सेंटिमीटरचे पातळ पदर काढायचे, जाड बट घेतली की वरून रंग दिसतो आणि आत पांढरं राहतं, घरी पॅच पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच. ब्रशानं फक्त नवीन वाढलेल्या भागावर लावायचं. महिन्याला केस साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दीड महिन्यानं टचअप केला तर रंगवायचा भाग पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास, त्याच्या खाली ब्रश गेला की जुन्यावर नवीन चढून मध्येच एक काळी रेघ तयार होते. ती रेघ टाळायला मी खालच्या सगळ्या केसांना आधी कंडिशनर फासून घेते, चुकून रंग लागला तरी फार धरत नाही.

व्हॅसलिनचं एक सांगायलाच पाहिजे. कपाळाला डाग पडू नये म्हणून सगळे लावतात, मीही लावते, पण कपाळाच्या कडेचे जे बारीक पांढरे केस असतात त्यांच्यावर ते चढलं की रंग त्यांना लागतच नाही आणि पुढून बघितलं की पांढरी किनार. केसापासून बोटभर सोडून लावा. डाग पडला तर पडला, दोन दिवसांत जातो.

मागची बाजू स्वतःला दिसत नाही, तिथं माणूस लागतो. माझी धाकटी जाऊ करते, तिचं आपलं चालू असतं, "आक्का, मान खाली घाला की ओ, अजून राहिलंय बघा इथं," पण हात बारीक आहे तिचा. एकटं करायचं असेल तर मागं ३ टक्के असल्यामुळे थोडं इकडंतिकडं झालं तरी तांबडं पट्टेपट्टे दिसत नाहीत, हा एक फायदा.

वेळ: कानशिलं आणि पुढची कड सगळ्यात आधी, मग भांग, मागचं शेवटी. म्हणजे पुढं पूर्ण वेळ मिळतो आणि मागं आपोआप कमी. माझ्या ट्यूबवर जास्तीत जास्त ४५ मिनिटं लिहिलेत, कानशिलाला मी तेवढी देते. टोकांना काही लावत नाही. फारच फिकी वाटली तर धुवायच्या आधी शेवटची पाच मिनिटं ओल्या हातानं मुळाचाच रंग थोडा खाली ओढायचा, बस्स.

आता कानशिलं. इथले पांढरे केस जाड आणि गुळगुळीत, रंग आत घेतच नाहीत. जुन्या टूथब्रशनं उलट दिशेनं, मग सुलट असं दोन्हीकडून लावून वर कापसाची पट्टी दाबून ठेवली तर बरंच झाकतं, पण तीन आठवड्यांत फिकं पडायला लागतं. यावर पूर्ण इलाज मला अजून मिळालेला नाही, मध्ये एखादं लग्न किंवा हळदीकुंकू आलं तर नुसती कानशिलं करून घेते. पूर्ण मार्क देत नाही त्याचं कारण हेच.

पाण्याचाही संबंध आहे. आमच्याकडं राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात टाकीत बोअरचं सोडावं लागतं, ते इतकं जड आहे की नळाच्या तोटीवर पांढरं खडीसारखं जमतं. तसंच थोडंफार केसांवरही बसतं, मग रंग कुठं चढतो कुठं नाही आणि चढला तरी लवकर पितळी दिसतो. मी रंगवायच्या आदल्या दिवशी क्लॅरिफाइंग शाम्पू (केसांवर साचलेलं काढणारा) वापरते, घटकांत ईडीटीए (जड पाण्यातले क्षार धरणारा घटक) लिहिलेला बघून घेतलाय, आणि रंग धुवायला नळाच्या पाण्याच्या बादल्या भरून ठेवते. फरक आहे, मोठा नाही पण आहे.

ज्यांची मुळं आत्ताच तांबडी झाली आहेत त्यांच्यासाठी: तेच खोकं परत लावू नका. तांबड्या भागापेक्षा एक पायरी गडद नॅचरल शेड, ३ टक्क्यांत, फक्त त्या सेंटिमीटरभर पट्ट्यावर, आणि दहा मिनिटांनी टिश्यूनं एक बट पुसून उजेडात बघा, जमलं असेल तर लगेच धुवा. बहुतेक वेळा पंधरा मिनिटांच्या आत जुळतं. लालसरपणा फारच असेल तर ॲश म्हणजे राखाडी छटा थोडी मिसळा, जास्त घातली तर पांढऱ्या केसांवर राखाडी-हिरवट झाक येते, सांभाळून. काळी टोकं मात्र शाम्पूनं हळूहळू फिकी होऊ द्यायची किंवा कापायची, मी दोन इंच कापली.

मेहंदीवाल्यांनो, साधी शुद्ध मेहंदी वेगळी आणि पाकिटातली काळी मेहंदी वेगळी. काळीत बहुतेक वेळा पीपीडी हे रंगाचं रसायन असतं, तेच जे डायमध्ये असतं. काही मिश्र पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्याच्यावर डेव्हलपर पडला तर केस गरम होऊन खराब होऊ शकतात. आधी गळून पडलेल्या चार केसांवर करून बघा. आणि पॅच टेस्ट ४८ तास आधी, कानामागं, नवीन ट्यूब आणली की दर वेळी. खाज, सूज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही, अंगठ्याएवढ्या जागेवर कळलं तर बरंच की.

कालवलेलं उरलं तर डबीत घालून झाकण लावून ठेवू नका, आत गॅस होऊन डबी फुटू शकते, आणि तासाभरानंतर त्यात तसाही दम राहत नाही. डेव्हलपरची बाटली मात्र घट्ट लावून ठेवली की पुढच्या वेळी चालते, फक्त पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात नको. बहिणीनं तशीच ठेवली होती, बाटली फुगली, तिला दुसरी पाठवली.