पॉइंट टू-टू, शंभर मीटर आणि बेळगावचा वारा: कुठलं काडतूस टिकलं?

आधी निकाल सांगतो. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाच्या रायफलनं पन्नासच्या पुढे, शंभर मीटरपर्यंत कागदावर नेम धरायचा असेल तर वेगवान राउंडच्या, म्हणजे काडतुसांच्या, नादाला लागू नका. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) साधी, आवाजाच्या वेगाखाली चालणारी मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी घ्या. डब्यावरच्या नावापेक्षा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, बघा. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत तीन-चार प्रकारचे राउंड आलटून पालटून चालवल्यावर माझं हे मत झालंय.

रायफल क्लबची आहे, जुनी जर्मन अ‍ॅन्शुट्झ, बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हातानं खटका ओढायचा). पन्नास मीटरचा सराव नेहमीचा. शंभर मीटरसाठी मात्र परगावच्या रेंजवर वेळ मागावी लागते. मध्यंतरी या खेळाकडे आमच्या भागाचं लक्षच नव्हतं. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं आणि निपाणी-चिकोडीकडची पोरंही क्लबची चौकशी करू लागली. तिथं पोचल्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "गोळी कुठली चांगली?"

या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यात आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पश्चिमेला घाट. जून ते सप्टेंबर तिकडून येणारा वारा थांबून थांबून, झुळुकांनी येतो. डोक्यावरचं झाड एक सांगतं आणि टार्गेटजवळचं गवत दुसरंच. क्लबात मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार येतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. मी दुर्बिणीतून टार्गेटवरची भोकं मोजत बसलो की ते मागून म्हणायचे, "भोकं काय बघालास? ती पडून गेली की. वारा बघ."

तर वेगवान राउंडची गोष्ट. बहुतेकांना वाटतं, गोळी जितकी जोरात तितका वारा कमी लागणार. पॉइंट टू-टूमध्ये हे उलटं पडतं. मॅच राउंड नळीतून साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटतो. हाय-व्हेलॉसिटी राउंड ३७५ च्या आसपास. आवाजाचा वेग २० अंशाला ३४३ मीटर. म्हणजे जलद गोळी आवाजाच्या पुढे सुटते, तिथं हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो, आणि पन्नास मीटरच्या आतच ती पुन्हा आवाजाच्या खाली घसरते. वारा गोळीला किती ढकलणार हे ती किती वेळ हवेत होती यावर नव्हे, तर हवेनं तिला किती उशीर केला यावर ठरतं. जलद गोळीला उशीर जास्त होतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा असला तर शंभर मीटरवर मॅच गोळी दहा सेंटिमीटरच्या आसपास सरकते आणि हाय-व्हेलॉसिटी त्याहून तीन-चार सेंटिमीटर जास्त. शिवाय आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना ती थोडी डळमळते, ते वेगळंच. कागदावर मला हेच दिसलं: पन्नासला दोन्ही ग्रुप (भोकांचे पुंजके) जवळजवळ सारखे, शंभरला जलद राउंडचा ग्रुप आडवा फाटलेला.

दुसरा मुद्दा उभ्या फरकाचा, आणि खरे पैसे इथंच लागतात. एकाच डब्यातल्या दोन राउंडच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर पन्नास मीटरवर गोळी साधारण ७ मिलिमीटर वर-खाली जाते. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणजे तुमचा श्वास, तुमचा ट्रिगर सगळं बरोबर असूनही दहा हातातून जाऊ शकतो. शंभरवर तोच फरक तीन सेंटिमीटर होतो, दोनशेवर दहा सेंटिमीटरच्या पुढे. मॅच राउंड महाग का, याचं उत्तर हे आहे. गोळी तीच, शिसंही जवळपास तेच; वेग एकसारखा ठेवण्याचे पैसे घेतात. रिमफायर असल्यानं चिमटीत बारूद मोजून घरी भरायची सोयही नाही. पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, कारखान्यानं भरलं ते भरलं.

आता नावं. एसके स्टँडर्ड प्लस आणि लापुआ सेंटर-एक्स हे दोन मी सर्वांत जास्त चालवले. दोन्हीचा छापील वेग ३२७ मीटर. आमच्या नळीत सेंटर-एक्सचा एक लॉट असा बसला की शंभरला पाच गोळ्यांचा ग्रुप चहाच्या बशीत झाकला जायचा, वारा पडलेला असला तर त्याहून बराच लहान. स्टँडर्ड प्लस त्याच्या मागे, पण फार मागे नाही. सरावाला मी तोच वापरतो. त्यांच्याहून महागडा एक राउंडही घेऊन पाहिला. दुसऱ्याच्या रायफलीत त्यानं कमाल केली, आमच्यात स्टँडर्ड प्लसइतकाच चालला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष राउंडचा नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी. परदेशात मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात आणि नळीला आवडलेला लॉट तिथंच निवडून उचलतात. आपण काय करायचं? एकाच प्रकारचे दोन-तीन वेगळे लॉट डबा-डबा घेऊन एकाच दिवशी, एकाच नळीतून पाहायचे आणि जमलेल्या लॉटची पाचशेची वीट सांगायची. परवान्यावर किती राउंड मिळतात ते आधी तपासा, नाहीतर लॉट सापडतो आणि कोटा संपलेला असतो.

राउंड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवर मत बनवू नका. प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं. आधीचं नळीत राहिलेलं असतं, त्यावर नवं बसेपर्यंत ग्रुप भटकतो. आणि हे मेण पावसाळ्यात डोकेदुखी आहे. डबा मॅटवर उघडा ठेवला की लाल मातीचा कण चिकटतो. गोळी बोटांत फिरवून उजेडाला धरली तर मेणाच्या थरात तो कण तिळाएवढा काळा दिसतो, आणि तसाच नळीत गेला तर जाताना ओरखडा काढणार. मी आता राउंड प्लास्टिकच्या भोकाच्या ठोकळ्यात, झाकणाखाली ठेवतो. थंडीत उलटं: डिसेंबरच्या सकाळी मेण कडक होतं, गोळी थोडी मंद सुटते आणि पहिला ग्रुप खाली बसतो. शंभरला रायफलीवरच्या दुर्बिणीच्या एक-दोन क्लिक (नेम सरकवणाऱ्या चकतीचे खटके) वर घ्याव्या लागतात, उन्हं वर आली की परत खाली.

एका देशी डब्यात बऱ्याच गोळ्या उडाल्याच नाहीत. कडेवर पिनचा ठसा स्पष्ट होता, म्हणजे ठोका बरोबर बसला होता. अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नये. नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. राउंड उशिरा पेटू शकतो. काका हे नव्या पोरांना रोज ऐकवतात.

शंभरच्या पुढचं विचाराल तर गंमत म्हणून ठीक. पन्नासला नेम बांधला तर शंभरवर गोळी वीसेक सेंटिमीटर खाली आणि दोनशेवर दीड मीटरच्या वर खाली. साध्या दुर्बिणीला तेवढी क्लिकच उरत नाही, दुर्बिणीखाली पुढे उतरता माउंट, म्हणजे बैठक, बसवावा लागतो. शिकायला मात्र झकास: दोनशे मीटरला पॉइंट टू-टूनं वारा वाचता आला की मोठ्या रायफलीवर पाचशेला तोच हिशेब सोपा वाटतो, असं काका सांगतात. ३०० मीटरची खरी स्पर्धा खेळायची तर गोळीच वेगळी, ६ मिलिमीटर बीआरसारखी सेंटरफायर, म्हणजे पेटणारा मसाला बुडाच्या मधोमध असलेली. तिचा परवाना, तिचा खर्च, तिची रेंज हा सगळा वेगळा संसार आहे.

नवीन माणसानं काय घ्यावं? स्टँडर्ड प्लस किंवा त्या तोडीचा कुठलाही ३२५-३३० मीटरचा राउंड, आणि उरलेल्या पैशांत वाऱ्याची दोन कापडी निशाणं. एक वीस मीटरवर लावा, एक टार्गेटच्या अलीकडे. पहिल्याकडे जास्त बघा, कारण नळीजवळ गोळी जी दिशा धरते ती पुढचं सगळं अंतर तिच्याबरोबर जाते.