मेणी दोऱ्याचं रीळ (०.८ मिमी): उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सुरुवात मेणापासूनच करतो, कारण सगळी कटकट त्याचीच आहे. शिडाच्या होडीवरच्या दोरांची टोकं पिंजू नयेत म्हणून ती दोऱ्याने बांधायला घेतलेलं हे रीळ: पॉलिएस्टर, ०.८ मिमी, १०० मीटर, वर मेणाचा जाड हात. मार्चपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीतल्या रिळाचं मेण सुटायला लागलं. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, बंद डिकीत किंवा उन्हात उभ्या होडीच्या डेकवर त्याहून बराच जास्त. साधं पॅराफिन ५० ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं, मधमाश्यांचं मेण ६२-६४ ला. सुटलेल्या मेणावर धूळ बसते, बांधलेल्या टोकावर करडा चिकट थर चढतो, आणि दोर ओढला की तोच थर ब्लॉकच्या (कप्पीच्या) चाकात नि दोर पकडून ठेवणाऱ्या कॅम क्लीटच्या दातांत जाऊन बसतो. क्लीटचे दात बुजले की शीट (शीड ओढून धरायचा दोर) धरत नाही. टोक पिंजू नये म्हणून केलेल्या कामाने क्लीटच निकामी व्हावं, याचा राग येतोच.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. इथे मे महिन्यात अशी जागा कूलर लावलेल्या खोलीतही मिळत नाही, कारण तिथे गारवा असला तरी दमट असतं. वाद घातल्यावर बदली रीळ आलं, आणि ते पॉलिएस्टर नव्हतंच. वेष्टनावर पॉलिएस्टर, आत नायलॉन.

हे घरी ओळखता येतं. दोऱ्याचे बोटभर तुकडे साबणाच्या उकळत्या पाण्यात घालून मेण काढून टाका. १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. तुकडे त्यात बुडवून चिमटीत दाबा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. या पाण्याची घनता साधारण १.२ असते. नायलॉनची १.१४, म्हणून ते वर येतं, पॉलिएस्टरची १.३८, ते तळाला जातं. मेण राहिलं तर पॉलिएस्टरही तरंगून फसवू शकतं. पेल्यात तरंगणाऱ्या तुकड्यांचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले.

एवढी झिगझिग का? नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की ताणतं. कोरडे असताना दोराभोवती कचकचून घेतलेले वेढे पाण्यात सैल पडतात. पॉलिएस्टर जवळपास पाणी घेतच नाही.

इथवरच्या अनुभवावर दोनच तारे दिले होते. पावसाळ्यानंतर चार केले आहेत. मेण पार गेलेली टोकंसुद्धा जागची हलली नाहीत. मेणाचं काम बांधताना वेढा घसरू न देण्यापुरतं. त्यानंतर टोक धरून ठेवतात ते ताण आणि टाके. म्हणून आता बांधून झालं की टोक क्षणभर गरम पाण्यात बुडवतो आणि जुन्या सुती फडक्याने घट्ट पुसतो. वरवरचं मेण निघतं, धूळ बसत नाही, क्लीट स्वच्छ राहतो.

बांधणीत काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. वेढ्यांची लांबी दोराच्या जाडीच्या दीडपट हवी. ८ मिमीच्या मेनशीटला (मुख्य शिडाच्या दोराला) १२ मिमी, म्हणजे या दोऱ्याचे १५ वेढे, आणि टाके धरून सुमारे १ मीटर दोरा. वाया जाणारा दोरा धरूनही एका रिळात ९० टोकं होतात.

दोरावर आधी चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टीच्या मधोमध कापा. दुपदरी विणीचा दोर असेल तर बाहेरचं आवरण लांबून टोकाकडे मुठीने ओढत आणा, आतल्या गाभ्यावर ते सैल राहता कामा नये. मग शिडं शिवायची त्रिकोणी टोकाची सुई, टोकापासून दोराच्या जाडीच्या सुमारे दुप्पट अंतरावर, गाभ्यातून आरपार दोनदा. सगळ्यात जास्त बांधण्या इथेच बिघडतात. सुई नुसत्या आवरणातून गेली तर वेढे दिसायला सुबक येतात, पण काही दिवसांत गाभा आत सरकतो आणि टोकाला रिकामी पिशवी लोंबते. ती क्लीटमध्ये कधीच धरत नाही.

वेढे टोकाच्या दिशेने घ्या. पिळाचा दोर असेल तर पिळाच्या उलट. प्रत्येक वेढा ओढून शेजारच्याला टेकवा. तळव्याला चामड्याचा पाम (सुई रेटायचा हातपट्टा) बांधा, नाहीतर दोरा बोट कापतो. शेवटी सुई आरपार काढून वेढ्यांवरून उभा टाका खाली न्या, पुन्हा आरपार, असे तीन-चार जागी, दुहेरी. तीनपदरी दोरात हे उभे टाके पदरांमधल्या खाचेतच बसले पाहिजेत. टाक्यांशिवायची साधी बांधणी शिडाच्या फडफडीत निसटते, तिच्यावर दोरा घालवू नका.

सुई हाताशी नसेल तर एक अर्धी गाठ पुढे, एक मागे, अशी आलटून पालटून बांधत जा आणि शेवटी रीफ नॉट (एकमेकींवर उलटसुलट दोन अर्ध्या गाठी) मारा. एखादा वेढा तुटला तरी बाकीचे टिकतात, कारण प्रत्येकाला स्वतःची गाठ असते.

लायटर तात्पुरता ठीक. पॉलिएस्टरचं जळकं टोक कडक होतं, ब्लॉकमधून जाता-येता तडकतं, आणि त्याची धार तळहात सोलते. डायनीमा (अतिमजबूत पॉलिथिनचा दोर) साधारण १५० अंशांखालीच वितळतो, त्याला ज्योत लावूच नका. विजेची काळी टेप इथल्या उन्हात गोंद सोडते, तिची तुलनाही नको.

एक तारा अजून राखून ठेवला आहे, तो जाडीसाठी. ४-५ मिमीच्या बारीक दोरांवर ०.८ चे वेढे फुगीर येतात आणि छोट्या ब्लॉकच्या तोंडाशी अडतात. तिथे ०.५ मिमी लागतो, आणि तो हा विक्रेता मेणाशिवाय देत नाही. बिनमेणाचा पॉलिएस्टर दोरा कुठूनही मिळाला तर तोच घ्या, आणि बांधायच्या वेळी मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या.